माउस पॅडकडे बघत असतो

टेबलावरचा माउस जरा उलटा करा. त्याच्या पोटात एक बारीक भोक दिसेल, बऱ्याचदा आत लाल दिवाही. त्या भोकात काय आहे? कॅमेरा! भिंग, दिवा आणि फोटो टिपणारी चिप असलेला खराखुरा कॅमेरा. आयुष्यभर तो एकाच गोष्टीचे फोटो काढतो, तुमच्या माउसपॅडचे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. गेमिंगचा चांगला माउस तेवढ्याच वेळात हजारो चित्रं टिपतो आणि तुम्ही गोळ्या चुकवत असता.

फोटो मात्र अगदीच चिमुकले. एके काळी गेमिंगमध्ये गाजलेला एडीएनएस-३०८० हा सेन्सर घ्या. त्याचा एक फोटो म्हणजे ३० ओळी आणि ३० रकाने, एकूण ९०० ठिपके. आपल्या मोबाइलचा कॅमेरा कोट्यवधी ठिपके टिपतो, हा गडी नऊशेंवर भागवतो. पण सेकंदाला ६,४०० हून जास्त वेळा! रंग नाहीत, फक्त कमी-जास्त उजेड. मग हात डावीकडे गेला की उजवीकडे, हे कळतं कसं?

चिप दोन लागोपाठचे फोटो घेते आणि दुसरा पहिल्यावर सरकवून बघते. थोडा इकडे, थोडा तिकडे. जेवढं सरकवल्यावर दोन्ही सगळ्यात चांगले जुळतात, तेवढाच माउस हलला. बस्स, एवढंच. समोर कापड आहे की लाकूड, याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिला ओळखीच्या खुणा हव्यात, आणि त्या पुरवायचं काम पॅडचं.

खुणा कुठून येतात? संभाजीनगर जिल्ह्यातल्या करमाडहून जालना रोडने निघालात तर दोन्ही अंगाला नांगरलेली रानं लागतात. भर दुपारी ती सपाट काळी दिसतात. दिवस कलला की तेच रान वेगळंच दिसू लागतं, नांगराच्या प्रत्येक तासाला, प्रत्येक ढेकळाला सावली फुटते. माउसमधला दिवा म्हणूनच तिरपा बसवलेला असतो. त्याचा उजेड कापडावर आडवा पडतो आणि सुताच्या प्रत्येक वेढ्याची सावली उमटते. कॅमेरा वाचतो त्या सावल्या.

आरशावर माउस का बिचकतो, तेही आता उघड आहे. तिरपा आलेला उजेड आरसा तसाच तिरपा पलीकडे टाकून देतो, कॅमेऱ्यापर्यंत येतच नाही. साध्या काचेतून तो आरपार निघून जातो. सावली नाही, खूण नाही, म्हणून पॉइंटर जागचा हलत नाही.

गंमत म्हणजे पहिल्या ऑप्टिकल माउसना कुठलंही कापड चालत नसे. १९८० च्या सुमारास झेरॉक्समध्ये रिचर्ड लायन यांनी आणि स्वतंत्रपणे स्टीव्ह कर्श यांनी असे माउस बनवले. लायन यांच्या माउसला ठरावीक ठिपके छापलेला पृष्ठभाग लागे, कर्श यांच्या माउसला धातूचा चकचकीत पॅड, त्यावर दोन रंगांच्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी. तो पॅड आडवा फिरवला की माउस गोंधळलाच! नकाशा पॅडवर छापलेला होता आणि माउस फक्त रेघा मोजत होता. पुढे चिप शहाणी झाली, तिला छापील नकाशाची गरज उरली नाही. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सेकंदाला १,५०० फोटो काढणारा माउस बाजारात आणला आणि पोटात रबरी गोळी असलेल्या माउसचे दिवस भरले. त्या गोळीवर साचलेला मळ नखाने खरवडणारी आमची पिढी अजून हयात आहे. गोळीला फिरायला पकड लागायची, म्हणून पॅडचं काम तेव्हा घर्षण देणं हे होतं. आज चांगल्या पॅडकडून अपेक्षा नेमकी उलटी. निदान पहिल्या ऐकण्यात तरी तशी वाटते.

कारण गेम खेळणाऱ्याला घर्षण नको असतं असं नाही, त्याला ते भरवशाचं हवं असतं. जागची वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, सरकू लागली की कमी. हा साधा शाळेतला धडा. पण शत्रूचं डोकं पडद्यावर दोन ठिपके उजवीकडे आहे आणि तुम्हाला माउस केसभर सरकवायचाय, तेव्हा हाच धडा घात करतो. माउस आधी चिकटतो, मग उसळतो, आणि निशाणा पुढे निघून जातो. यावरचा उतारा माउसच्या तळव्यांवर चिकटवलेला असतो, टेफ्लॉनचे छोटे तुकडे. नॉनस्टिक तव्यावर असतं तेच हे रसायन. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना फ्रिजच्या वायूंवर काम करताना ते अपघाताने सापडलं. त्याचा दुर्मीळ गुण असा, की सुरुवातीचं घर्षण आणि चालू घर्षण यांत फरक जवळपास नाहीच!

उरलेलं अर्धं काम कापडाचं, आणि इथे आपला जिल्हा जगाला शिकवू शकतो. संभाजीनगरचं हिमरू सगळ्यांना ठाऊक असतं, त्याच्या शेजारचं मश्रू तितकं नाही. मश्रूत रेशमी ताणा सुती बाण्यावरून लांब लांब उड्या मारतो. म्हणून वरून रेशमाची मऊ चकाकी, अंगाला लागतं ते सूत. धागा जितका लांब मोकळा सुटेल तितका पृष्ठभाग गुळगुळीत, जितक्या वेळा अडकेल तितका खरबरीत. दुकानात ‘स्पीड’ आणि ‘कंट्रोल’ असे पॅड मागितले जातात, त्यामागे बरंचसं हेच गणित आहे. त्यातून आणखी एक गोष्ट निघते. धागे एका दिशेने जास्त धावत असतील, तर माउस आडवा सहज जातो आणि उभा जरा अडखळतो. पॅड घेताना डोळे मिटून आधी आडवा, मग उभा माउस फिरवून बघा, हाताला फरक कळतो. घरी आल्यावर मोबाइलच्या मागच्या भिंगावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा आणि कॅमेरा पॅडच्या जवळ न्या. थेंबच भिंग होतो आणि पडद्यावर दोऱ्यांचे वेढे, मधल्या खाचा, त्यात अडकलेली माती असं सगळं समोर येतं. माउस रोज हेच बघत असतो.

आकाराचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. जरा हिशेब करू. काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी १ ठेवली, तर माउसच्या प्रत्येक इशाऱ्याला नजर ०.०२२ अंश फिरते. म्हणजे पूर्ण गिरकीला सुमारे १६,३६४ इशारे. माउस ८०० डीपीआयवर असेल तर तो एका इंचात ८०० इशारे देतो. भागाकार करा: साडेवीस इंच, जवळजवळ ५२ सेंटिमीटर! पाठीमागून कुणी आलं तर नुसतं वळायला २६ सेंटिमीटर लागले. संगणकाबरोबर फुकट मिळणारा पॅड असतो जेमतेम २२ सेंटिमीटर रुंद, त्यातले सहा-सात माउसच अडवतो. नेमका निशाणा साधणारे बरेच खेळाडू नुसत्या मनगटाने नाही, कोपरापासून हात फिरवतात. त्यांचे पॅड ४५ बाय ४० सेंटिमीटरचे असतात, ते हौस म्हणून नव्हे. तेव्हा करमाडला बसून पॅड मागवायचा असेल, तर चित्र आणि रंगीत दिवे नंतर बघा. आधी टेप घ्या आणि टेबल मोजा. पॅडवरच्या दिव्यांनी निशाणा सुधारत नाही, हे माझं ठाम मत.

दुसरी गोष्ट हवेची. जालना रोडची रहदारी, शेंद्र्याच्या एमआयडीसीतले ट्रक, उन्हाळ्यात रानातून उठणारी वावटळ. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. घामट हाताखाली तीच कापडात गेली की पॅडचा मधला भाग चिकट होतो आणि कडा मात्र नव्यासारख्या राहतात. एकाच पॅडवर दोन घर्षणं! पावसाळ्यात दमट हवेने कापड आणखी जड चालतं.

यावर आता काचेचे पॅडही निघालेत. पण काचेवर तर माउस आंधळा होतो ना? म्हणूनच या काचेवर डोळ्यांना न दिसणारा बारीक खरबरीतपणा मुद्दाम कोरलेला असतो, सावल्या पडाव्यात म्हणून. ती ओलावा पीत नाही, फडक्याने पुसली की झालं. पण माउस तिच्यावर इतका सुसाट सुटतो की थांबवणं हेच कौशल्य. शिवाय धुळीचा एक कण अडकला तरी टेफ्लॉनचे तळवे घासले जातात. दार-खिडक्या उघड्या असणाऱ्या घरात मी कापडी पॅडच घेईन. तीन-चार मिलिमीटर जाड, खाली रबर, कडेला इंटरलॉकची शिलाई, नाहीतर कडा सुटून मनगटाला टोचतात.

आणि तो धुवा. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, हाताने हलकं चोळायचं. पिळायचा नाही, वॉशिंग मशीनमध्ये तर टाकायचाच नाही. वाळवायचा सावलीत, कारण उन्हाने रबर कडक होऊन तडकतं. पूर्ण वाळायला एखादा दिवस जाईल. मोठा सामना असेल त्याच्या आदल्या रात्री मात्र धुवायला काढू नका.