ठिसूळ हाडांच्या मुलाचा जबडा मोडतो तेव्हा

‘पोराला रोज गव्हाएवढा चुना द्या, हाडं घट्ट होतील.’ हा सल्ला धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यातच नव्हे, गावोगाव ऐकू येतो. येरमाळ्यात चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरी देवीचे भाविक चुनखडी वेचतात, तो श्रद्धेचा भाग. औषधाचं गणित निराळं. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या हाडं ठिसूळ करणाऱ्या जन्मजात आजाराचं मूळ कॅल्शियमच्या कमतरतेत नसतं. हाडाची वीण ज्या कोलॅजन या प्रथिनाची, तेच जनुकातल्या दोषामुळे अपुरं किंवा सदोष तयार होतं. साधारण १५ ते २० हजार बाळांत एकाला हा आजार होतो. चुन्याने तो हटत नाही, तोंड मात्र भाजतं. ग्रहणाचा किंवा गरोदरपणी आईने काय खाल्लं याचाही त्याच्याशी संबंध नाही.

या मुलांचे हातपाय जितके मोडतात, तितका जबडा मोडत नाही. मोडलाच तर ‘आता जुळायचा नाही’ हे खोटं. बहुतेकदा तो नेहमीच्याच वेळात जुळतो. खरा धोका फ्रॅक्चर लक्षातच न येण्याचा. मूल हनुवटीवर पडतं, जखमेला टाके पडतात, आणि कानापुढच्या सांध्याजवळ मोडलेलं हाड तसंच राहतं. तोंड कमी उघडणं, हनुवटी एका बाजूला वळणं, दात नीट न जुळणं यांपैकी काहीही दिसलं तर एक्स-रे हवाच.

‘जबडा तारेने जितके दिवस बांधाल तितका पक्का’ हा समज तर उलट घात करतो. सांध्याजवळचं हाड मोडलेलं असेल तर मुलांना बरेचदा पातळ-मऊ आहार आणि लवकर सुरू केलेला तोंड उघडण्याचा व्यायाम पुरतो. बांधलंच तर आठ-दहा दिवस. जास्त काळ जखडलं तर सांधा कायमचा आखडू शकतो, जबड्याची वाढही खुंटते.

‘प्लेट का नाही बसवली?’ असं पालक विचारतात. जबड्यात पक्क्या दातांचे अंकुर असतात, स्क्रू त्यांत घुसू शकतो. शिवाय या आजारात काही मुलांचे दात मातकट आणि कमकुवत असतात, तारेच्या ताणाने त्यांचे टवके उडतात. म्हणून पुष्कळदा दातांवर अ‍ॅक्रिलिकचा साचा बसवणं बरं.

या मुलांची हाडं बळकट करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक आम्लाच्या सलाइनने जबडा सडतो, ही भीती मुख्यतः कर्करोगासाठी मोठे डोस घेणाऱ्या प्रौढांमुळे पसरली. सलाइन आपल्या मनाने थांबवू नका; सर्जनला मात्र जरूर सांगा. भूल देणाऱ्यालाही आजार आधीच कळायला हवा, कारण मान वळवताना आणि रक्तदाबाचा पट्टा आवळतानाही जपावं लागतं.

उपचारासाठी येरमाळ्याच्याच महामार्गाने छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठता येतं. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात हा आजार आहे. त्यासाठीचं मुंबईतलं केंद्र केईएम रुग्णालय. जुन्या फ्रॅक्चरची फाइल सोबत न्या. किरकोळ पडण्याने हाड मोडलं की मारहाणीचा संशय येतो, तेव्हा तीच पालकांच्या कामी येते.