बँडबाजा, खानदेशातील

बँडबाजा, खानदेशातील : लग्नाच्या वरातीत व उत्सवांच्या मिरवणुकांत पाश्चात्त्य सुषिर वाद्ये आणि ढोल चालता-चालता वाजविणारा वाद्यवृंद. त्याचा उगम लष्करी शिस्तीत असला, तरी त्याची लोकप्रियता मुख्यतः खेळकरपणात आहे. दोंडाईचा (जि. धुळे) हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील मिरचीच्या व्यापाराचे गाव. अशा बाजारगावांत व भोवतालच्या खेड्यांत रब्बीची सुगी आटोपून लग्नसराई सुरू झाली, म्हणजे बँडला मागणी येते.

ब्रिटिश पलटणींबरोबर असे बँड भारतात आले. संस्थानिकांनी त्यांचे अनुकरण केले आणि पुढे ते लग्नसमारंभांत सनईच्या जोडीला येऊन बसले. वादकांच्या गणवेशावरील खांदपट्ट्या व झालरी ही त्या उगमाची खूण होय. क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन व युफोनियम ही स्वरवाद्ये आणि साइड ड्रम, मोठा ढोल, झांजा व खुळखुळे ही तालवाद्ये त्यात असतात. क्लॅरिनेट किंवा ट्रंपेट गाण्याचा मुखडा घेते, इतर वाद्ये त्यास उत्तर देतात. बहुतेक वादक स्वरलेखनावरून नव्हे, तर कानाने चाली शिकतात.

बँडमधील विनोद शब्दांत नसून चालीच्या वापरात असतो. नागिन (१९५४) या हिंदी चित्रपटातील पुंगीची धून क्लॅरिनेटवर सुरू होताच एखादा वऱ्हाडी रुमालाची पुंगी करून गारुडी होतो, तर दुसरा फणा काढून रस्त्यावर लोळतो. बँडप्रमुख त्यांच्या अंगविक्षेपांकडे पाहून लय वाढवितो, मध्येच थांबवितो व पुन्हा उचलतो. ज्येष्ठांनाही नाचावयास लावणारी ही मोकळीक एरवी त्यांना मिळत नाही. मात्र पाठवणीच्या वेळी तोच बँड नीलकमल (१९६८) या चित्रपटातील निरोपाचे गीत वाजवितो आणि हसणारी माणसे डोळे पुसतात.

गंभीर चालीचा असा खेळ अन्यत्रही आढळतो. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जमेकात उदयास आलेल्या ‘स्का’ या नृत्यसंगीतात ट्रंपेट, ट्राँबोन व सॅक्सोफोन यांना महत्त्व असून गिटार वा पियानो मात्रांच्या मधल्या जागी आघात करतो. त्यामुळे पावले आपोआप उसळतात. स्काटलाइट्स (१९६४) या वृंदाने द गन्स ऑफ नॅव्हरोन (१९६१) या युद्धपटाची धून अशाच नाचऱ्या लयीत वाजविली. पुढे लंडनच्या मॅडनेस या वृंदाने स्काच्या लयीला विदूषकी हालचालींची जोड दिली. हा वृंद आणि खानदेशी बँड यांचा परस्परसंबंध नाही. परंतु रस्त्यावरच्या सामान्य माणसाला नाचविण्याची युक्ती दोहोंत सारखीच आहे.

कीबोर्ड व ध्वनिवर्धक आल्यावर वाद्यांची संख्या घटली. गायकही बँडबरोबर चालू लागले व अहिराणी गीते त्यात आली. त्यानंतर ध्वनिमुद्रित संगीताच्या ‘डीजे’ने बँडचे बरेच काम हिरावून घेतले. ध्वनिप्रदूषण नियम (२०००) यांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकांवर सर्वसाधारण बंदी घातल्यामुळे वरातीची वेळही आखडली. बँडवाल्यांची कमाई हंगामी असते. वरात ज्याच्या तालावर नाचते, त्या वादकाला त्या समारंभात मानाचे स्थान क्वचितच मिळते. यंत्रातून आवाज मोठा निघतो. परंतु नाचणाऱ्याकडे पाहून लय बदलणे त्याला जमत नाही. बँडबाजाचे वैशिष्ट्य नेमके त्यातच आहे.