नवीन विंडोज टाकलं आणि प्रिंटर बसला! आता भांडायचं कोणाशी?



14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत सपोर्ट संपला, आणि दुकानादुकानांत एकच नाटक सुरू झालं. विंडोज 11 टाकलं, मशीन सुरू झालं, पण बिलाचा प्रिंटर गप्प. प्रिंटरवाला म्हणतो, "विंडोजचा प्रॉब्लेम आहे." बिलिंग सॉफ्टवेअरवाला म्हणतो, "प्रिंटर जुना आहे." ज्याच्याकडून घेतला तो म्हणतो, "वॉरंटी संपली, साहेब." तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळतं. त्यात महिन्याची 20 तारीख असेल आणि जीएसटीआर-3बी भरायचा राहिला असेल, तर विचारूच नका.

अशा वेळी "चूक कोणाची?" हा प्रश्न आपल्याला फार पुढे नेत नाही. "शब्द कोणी दिला होता, आणि तो लिहून दिला होता का?" हा प्रश्न विचारायचा. आजचा सगळा धडा एवढाच आहे.

आधी समजून घ्या, बिघडतं काय?

विंडोज आणि प्रिंटर यांच्यामध्ये एक दुभाषा बसलेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोज बदललं की भाषा बदलते, आणि दुभाषा जुनाच राहिला तर संवाद तुटतो. हा दुभाषा बहुतेक वेळा विंडोजवाले बनवत नाहीत, प्रिंटर बनवणारी कंपनी बनवते.

विंडोज 11 फक्त 64-बिटमध्ये येतं. तुमच्या जुन्या प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त 32-बिट असेल, तर तो चालणार नाही. डॉसच्या काळातलं 16-बिट बिलिंग सॉफ्टवेअर अजून वापरत असाल, तर तेही 64-बिट विंडोजवर सरळ चालत नाही. यात मशीन "खराब" झालेलं नसतं. फक्त जोडी जमत नाही.

हे भांडण जुनं आहे

2007 च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं. त्याच्या आधी, 2006 मध्येच, कॉम्प्युटरवर "व्हिस्टा केपेबल" असे स्टिकर लागले होते. लोकांनी स्टिकर बघून मशीन घेतली. नंतर कळलं, की त्यातल्या अनेक मशीनवर व्हिस्टाची फक्त साधी आवृत्ती नीट चालते. जाहिरातीत दाखवलेला चकचकीत डिस्प्ले त्यांना झेपतच नव्हता. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर खटला झाला. 2008 मध्ये कोर्टाने तो सगळ्या ग्राहकांचा सामूहिक दावा म्हणून मान्य केला, आणि 2009 मध्ये ती मान्यता काढूनही घेतली.

त्या खटल्यात मायक्रोसॉफ्टची आतली कागदपत्रं बाहेर आली. 2007 मधल्या नोंदवलेल्या व्हिस्टा क्रॅशपैकी जवळपास 29 टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होते, तर सुमारे 18 टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टमुळे. शिव्या मात्र सगळ्या व्हिस्टाने खाल्ल्या! म्हणजे दिसतो एक आणि दोषी निघतो दुसरा.

चौघांच्या चार जबाबदाऱ्या

1. विंडोज बनवणारी कंपनी: काय लागेल ते आधी सांगणं हे तिचं काम. विंडोज 11 ला टीपीएम 2.0, किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, हे 2021 मध्येच जाहीर झालं होतं. अटीत बसणाऱ्या मशीनवर अपडेटने घोळ केला, तर प्रश्न तिला विचारायचा.

2. हार्डवेअर कंपनी: खोक्यावर किंवा वेबसाइटवर "विंडोज 11 वर चालेल" असं लिहिलं असेल, तर ड्रायव्हर देणं तिची जबाबदारी. तसं कुठेच लिहिलेलं नसेल, तर आपली बाजू लंगडी पडते.

3. विक्रेता किंवा टेक्निशियन: "घ्या बिनधास्त, सगळ्यावर चालतं" हे वाक्य त्याचं आहे. ते बिलावर उतरलं तरच त्याला किंमत. अटीत न बसणाऱ्या मशीनवर कोणी जुगाड करून विंडोज 11 टाकून देत असेल, तर सावध राहा. अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय.

4. आपण स्वतः: अपग्रेडच्या आधी न तपासणं आणि बॅकअप न घेणं, हे दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 सहसा लागू होत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल, तर तुम्ही "ग्राहक" ठरू शकता. एकट्याने झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या ताईंना हा फरक फार मोलाचा आहे. या कायद्यात उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा अशा तिघांचीही जबाबदारी सांगितली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पण तिथेही पहिला प्रश्न येणार, "बिल आहे का?"

या आठवड्याचा गृहपाठ

- कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करा: प्रिंटर, बारकोड स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन, बायोमेट्रिक. प्रत्येकाच्या कंपनीच्या साइटवर विंडोज 11 चा 64-बिट ड्रायव्हर आहे का, ते बघा.
- मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" मोफत ॲप चालवा. मशीन बसतं की नाही, दोन मिनिटांत कळेल.
- सगळी मशीन एकदम अपग्रेड करू नका. आधी एक करा, तेही बॅकअप घेऊन आणि रिटर्नची तारीख टाळून. मागे फिरायला विंडोज साधारण 10 दिवस देतं. त्या दिवसांत प्रत्येक वस्तू एकदा तरी चालवून बघा.
- नवीन खरेदी करताना बिलावर एक ओळ लिहून घ्या: "विंडोज 11, 64-बिटवर चालवून दाखवले. न चालल्यास 15 दिवसांत बदलून देऊ."

विक्रेत्याने ही ओळ लिहून दिली, तर उत्तम. त्याने का-कू केली, तरी तुमचं काम झालं. पैसे खिशात असतानाच कळलं, की उद्या हा माणूस फोन उचलणार नाही!