समुद्रावरचा बालेकिल्ला

शत्रू तटाच्या आत शिरला तरी गडावरचा अखेरचा आसरा म्हणजे बालेकिल्ला, हे तुम्हांला ठाऊक आहेच. असाच बालेकिल्ला आजच्या अनेक मालवाहू जहाजांतही असतो. तो कशाला हवा, ते पाहू या.

आधी एक सोपे गणित. माल भरलेले जहाज तासाला १३ सागरी मैल वेगाने चालले आहे, असे समजा. मागून येणारी चाच्यांची होडी हलकी. तिचा वेग २४ सागरी मैल. म्हणजे दोहोंतील अंतर तासाला ११ सागरी मैलांनी कमी होते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तेव्हा होडी ५ किलोमीटरांवर दिसली, तर हाती उरतो जेमतेम पाव तास!

आता आर्किमिडीजचा सिद्धांत आठवा. तरंगणारे जहाज आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. माल जितका जास्त, तितके ते अधिक बुडते आणि डेक पाण्याच्या जवळ येतो. मग आकड्यांची शिडी लावून वर चढणे सोपे होते.

४ जानेवारी २०२४ रोजी संध्याकाळी ‘लीला नॉरफोक’ या जहाजावर असाच प्रसंग आला. ब्राझीलहून बहारीनकडे निघालेल्या या जहाजावर, सोमालियाच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात, पाच-सहा सशस्त्र माणसे चढली. खलाशी होते २१. त्यांपैकी १५ भारतीय. संदेश पाठवून ते सारे बालेकिल्ल्यात शिरले.

ही खोली जहाजाच्या पोटात असते. दार पोलादी. आत अन्न, पाणी आणि संदेश पाठवण्याची स्वतंत्र सोय. इंजिन आतूनच बंद करता आले, तर चाच्यांच्या हाती उरतो केवळ लोखंडाचा सांगाडा!

मात्र यात एक अट आहे, बरे का. आत सर्वच्या सर्व जण हवेत. एक जरी बाहेर राहिला, तरी तो ओलीस होतो आणि सुटका करणाऱ्यांचे हात बांधले जातात.

दुसऱ्या दिवशी पहाटे भारतीय नौदलाचे विमान जहाजावर घिरट्या घालू लागले. दुपारी ‘आय.एन.एस. चेन्नई’ ही युद्धनौका पोहोचली. चाच्यांना निर्वाणीचा इशारा मिळाला होता. कमांडोंनी जहाज धुंडाळले, तेव्हा चाचे निघून गेलेले होते. एकवीसही खलाशी सुखरूप बाहेर आले.

आता वरच्या गणितात जहाजाचा वेग १८ सागरी मैल धरा. किती मिनिटे जास्त मिळतात, ते काढा. बालेकिल्ल्याचे दार गाठायला तेवढी मिनिटे फार मोलाची असतात!