चमकतो तो पेला, छळतं ते शिसं

जुन्या बाजारातून आणलेला पिवळसर हिरवा काचेचा पेला अतिनील टॉर्चखाली लखलखीत हिरवा दिसतो. दुकानदार म्हणतो, युरेनियम आहे. यातून सरबत प्यावं का, असं एका वाचकाने विचारलं आहे. अधूनमधून प्यायलात तर घाबरण्याचं कारण नाही. पण त्याच्या शेजारी जड, पैलूदार, पारदर्शक क्रिस्टलची सुरई असेल, तर आधी तिची चौकशी करा.

युरेनियमची काच गाजवली ती बोहेमियाच्या रीडेल घराण्याने, १८३०च्या दशकात. पिवळा आणि हिरवा अशा दोन्ही छटांना घरातल्या ॲनाचं नाव दिलं. किरणोत्सार म्हणजे काय, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

ती हिरवी चमक म्हणजे किरणोत्सार, हा समज मात्र साफ चुकीचा. चमक येते इलेक्ट्रॉनांमुळे: ते अतिनील प्रकाश घेतात आणि हिरवा परत देतात. किरणोत्साराचा उगम अणुकेंद्रात. टॉर्च असो-नसो, तो चालूच. गंमत म्हणजे ही गल्लत किरणोत्सार शोधणाऱ्या खुद्द हेन्री बेकरेलचीही झाली होती. युरेनियमचे क्षार उन्हात चमकतात, त्यातूनच क्ष-किरणांसारखं काहीतरी निघत असावं, असा त्याचा कयास. १८९६च्या फेब्रुवारीअखेर पॅरिसवर ढग आले. क्षार आणि काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचा त्याने खणात टाकून दिल्या. नंतर त्या धुऊन पाहिल्या, तर ऊन नसतानाही ठसा उमटलेला! या प्रयोगाचं कौतुक होतं. पण युरेनियमच्या चमकीचा अभ्यास त्या घरात आधीपासून चालू होता. वडील एडमंड बेकरेल यांनी त्यात वर्षं घातली होती, त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

अशा काचेत युरेनियम साधारण दोन टक्के. त्याचे अल्फा कण हवेत जेमतेम काही सेंटिमीटर जातात.

आता क्रिस्टल. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४मध्ये काचेचं पेटंट घेतलं आणि पुढे शिशाची काच रूढ केली. तिचा झगमगाट शिशाच्या ऑक्साइडचा. चांगल्या क्रिस्टलमध्ये ते २४ टक्के किंवा अधिक. हे शिसं आम्ल पेयात हळूहळू उतरतं. १९९१मध्ये ग्राझियानो आणि ब्लम यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की चार महिने क्रिस्टलच्या सुरईत ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये लिटरमागे दोन ते पाच मिलिग्रॅम शिसं आलं. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे ०.०१ मिलिग्रॅम. पेल्यातल्या वाइनमधलं शिसंही तासाभरात दुपटीच्या घरात गेलं. लिंबू किंवा कोकम सरबतही आम्लच.

तेव्हा क्रिस्टलमध्ये ओतायचं, प्यायचं आणि धुऊन ठेवायचं. त्यात सरबत मुरत ठेवायचं नाही. लहान मुलं आणि गर्भवतींसाठी साधा स्टीलचा पेलाच बरा.