थंडीतली केळ: उपटायची घाई नको

ऑक्टोबरात लावलेली केळ जानेवारीत बघवत नाही. पानं कडेनं करपलेली, खालची दोन-तीन लोंबून बुंध्याला चिकटलेली, मधला पोंगा कितीतरी दिवस मिटलेलाच. ‘गेली ती, उपटून टाका’ असा निकाल कोणीतरी देतंच. बहुतेक वेळा तो चुकतो, कारण ज्याच्याकडे बघून तो दिला जातो ते केळीचं खोडच नव्हे. ती एकात एक बसलेल्या सोपटांची गुंडाळी. खरं खोड म्हणजे मातीतला कंद, आणि केळफूल धरायची वेळ येईपर्यंत वाढीचा कोंब जमिनीलगत तिथंच असतो. वरची पानं जळून गेली तरी कंद शाबूत असेल तर केळ जिवंत आहे.

बुंधा जमिनीलगत अंगठ्यानं दाबून बघा. घट्ट लागला तर काही करू नका. पिचपिचीत लागला आणि आंबूस वास आला, तर कंद सडतोय. तरीही शंका असेल आणि वरचा भाग वाळलाच असेल, तर धारदार विळ्यानं तो आडवा कापा. आत पांढरा, ओलसर काप दिसला आणि काही दिवसांत मधली सुरळी त्या कापातून वर डोकावली, तर वाद मिटला.

केळीला २६ ते ३० अंशांची हवा मानवते. पारा १६ च्या खाली गेला की पान यायला वेळ लागतो, १० च्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. एरवी आठ-दहा दिवसांत येणारं पान तीन-तीन आठवडे घेतं. त्यात नव्या जागी लावलेल्या मुनव्याच्या, म्हणजे कंदाला फुटलेल्या पिलाच्या, मुळ्या तुटलेल्या असतात. खानदेशात रावेर, यावल, चोपड्याकडे कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबराच्या सुमाराची केळ, लावणारे शेतकरी हे गृहीत धरूनच चालतात. घाबरतो तो परसात किंवा गच्चीवर एकच केळ लावणारा.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज रोगाचा. थंडीत पानांचे देठ आखूड राहतात, पानं शेंड्याशी गर्दी करतात आणि रोप पर्णगुच्छ झाल्यासारखं दिसतं. पर्णगुच्छ विषाणूजन्य आहे, मावा तो पसरवतो आणि त्यावर औषध नाही. खरंच तो असेल तर रोप कंदासकट काढावंच लागतं. म्हणूनच आधी पान उन्हाकडे धरून मागच्या बाजूनं बघा. देठावर, मधल्या शिरेवर आणि बाजूच्या शिरांवर गर्द हिरवे तुटक ठिपके-रेघा दिसल्या तर पर्णगुच्छाचा संशय धरा. तशा काही खुणा नसतील आणि रोप एरवी निरोगी असेल, तर थंडीचाच मार समजा. ऊब वाढल्यावर येणारी पानं पुन्हा लांब देठाची निघतात.

‘केळ पाणी मागते’ हे खरं, पण उन्हाळ्यात. थंडीत पानं थोडी, मुळ्या मंद. रोज बादलीभर ओतलेलं पाणी बुंध्याशी साचतं आणि कंद कुजतो. बागाईतदार थंडीत रात्री ठिबक चालवतात त्याचं कारण वेगळं आहे: विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं आणि मुळांजवळची माती त्यानं गार पडत नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मात्र रात्रभर गारठतं. कुंडीतल्या केळीला ऊन चढल्यावरच पाणी द्या, तेही माती बोटभर खोल सुकली असेल तर.

युरिया तर नकोच. गारठलेल्या मुळ्या तो उचलत नाहीत. जास्त पडला तर उरल्यासुरल्या कोवळ्या मुळ्याही भाजतात. बुंध्याभोवती वाळला पाला किंवा उसाचं पाचट घाला, फक्त बुंध्याला टेकू देऊ नका.

प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. दुपारी आत भट्टी होते, रात्री थेंब पानांवर बसतात. त्यापेक्षा शेतकरी वापरतात ते हवा खेळू देणारं पांढरं क्रॉप कव्हर काठ्यांवर बसवा. वाऱ्याच्या बाजूला आडोसा हवाच. मोठ्या बागांभोवती शेवरी किंवा गजराज गवत त्यासाठीच असतं. पहाटेच्या शेकोट्यांबद्दल एवढंच, की मदत झाली तर ती आगीच्या उबेनं होते. धुराचं पांघरूण माती थंड होणं रोखत नाही, तेव्हा नुसता ओला पाला धुमसवून शेजाऱ्यांचे डोळे चुरचुरण्यापलीकडे काही साधत नाही. अर्धं करपलेलं पानही छाटू नका. जेवढा भाग हिरवा आहे तेवढा काम करतोय.

फेब्रुवारीच्या शेवटी पोंगा हलू लागतो. पहिलं पान बहुधा लहान, चुरगळलेलं निघतं. त्याच्यावरून काही ठरवू नका. दुसरं नीट उलगडलं की शेणखत आणि निंबोळी पेंड घाला, पाणी हळूहळू वाढवा. मधलं रोप खरोखरच गेलं तरी कंदाचा थोडा भाग शाबूत असेल तर बाजूनं मुनवे येतात. त्यातला तलवारीसारख्या अरुंद पानांचा, बुंध्याशी जाड असलेला एक राखा. रुंद पानांचे दिसायला टवटवीत असतात, पण अंगानं पोसत नाहीत. ते काढून टाका.