शास्त्रज्ञाचा पेपर कोण तपासतं?

मित्रांनो, तुमचा पेपर बाई तपासतात आणि मार्क देतात. पण शास्त्रज्ञाचा पेपर कोण तपासत असेल? त्याला मार्क कसे मिळत असतील? मोठी गंमत आहे, बरं का!

आपल्या डॉ. शेखर मांडे यांचंच उदाहरण घेऊ. कारंजा (घाडगे)हून जो महामार्ग नागपूरला जातो, त्या नागपुरात १९६२ साली त्यांचा जन्म झाला. तिथल्याच विद्यापीठात ते भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले. मग वळले रेणूंकडे. पेशीतले इवले इवले रेणू कसे दिसतात, काय करतात, हे शोधायचं!

त्यांनी अभ्यासाला घेतला क्षयरोगाचा जंतू. जंतूतली प्रथिनं लांबलचक साखळीसारखी असतात. त्यांची नीट घडी बसली तरच ती कामाला लागतात. ही घडी बसवायला मदत करणारं एक खास प्रथिन असतं. ई. कोलाय नावाच्या जंतूत त्याचे चौदा तुकडे मिळून दोन कडी तयार होतात. मग क्षयाच्या जंतूत? मांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादला क्ष-किरणांच्या मदतीने पाहिलं, तर तुकडे दोन-दोनच्या जोडीत! २००४ साली त्यांनी हे शोधनिबंध लिहून जगापुढे मांडलं. २००५ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

असा निबंध छापण्याआधी त्या विषयाचे दुसरे जाणकार तो तपासतात. खरी परीक्षा मात्र पुढेच. जगात कुणाला तो निबंध उपयोगी पडला, की तो आपल्या निबंधाच्या शेवटी त्याचा दाखला देतो. म्हणजे, 'हे मी यांच्याकडून घेतलं' असं चारचौघांत सांगतो. युजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९६४ साली अशा दाखल्यांची सूचीच छापायला सुरुवात केली. झालं, दाखले मोजले जाऊ लागले!

२००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एक हिशेब काढला. कारंज्याच्या मुलांना तो चटकन समजेल. समजा, तुमच्या संत्र्याच्या बागेत पाच झाडांनी प्रत्येकी निदान पाच कॅरेट फळ दिलं, पण सहा झाडांची सहा-सहा काही भरत नाहीत. मग तुमच्या बागेचा आकडा पाच! एखादंच झाड लदबदून चालत नाही. झाडाच्या जागी निबंध आणि कॅरेटच्या जागी दाखले घातले, की झाला 'एच निर्देशांक'.

मग ज्याचा आकडा मोठा, तो शास्त्रज्ञ मोठा का? थांबा! द्रवात प्रथिन किती आहे हे मोजण्याची एक सोपी रीत अमेरिकेच्या लाउरी यांनी १९५१ साली लिहिली. २०१४ पर्यंत तिला तीन लाखांवर दाखले मिळाले, जगात सर्वांत जास्त. आणि डीएनएचा पीळ उलगडणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा जगप्रसिद्ध निबंध? तो तेव्हा पहिल्या शंभरांतही नव्हता! रोज लागणाऱ्या रीतीचा दाखला सगळेच देतात. डीएनएचा पीळ इतका सर्वांच्या परिचयाचा झाला, की दाखला द्यायची कुणाला गरजच वाटेना.

म्हणजे आकडा खोटा नसतो, पण तो सगळं सांगत नाही. आईबाबांनीही प्रगतिपुस्तक पाहताना हे आठवायला हरकत नाही!

आणि मुलांनो, विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता कराल ना, तेव्हा माहिती कुठून घेतली, कुणी मदत केली, ते खाली जरूर लिहा. तुमचाही पहिला दाखला होऊन जाईल.